विषय: अमेरिकेत आल्यावर भारतातली एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) चालू ठेवावी का?

मंडळी, नमस्कार.
यंदा नवीन आलेल्या बऱ्याच कुटुंबांचा हाच प्रश्न आहे. बाजारात टिकून राहा, मध्येच विकू नका, असं सगळे सांगतात. मग पुण्या-मुंबईत सुरू केलेली एसआयपी चालूच ठेवायची ना? ग्रोथ ऑप्शन आहे, लाभांश मिळत नाही, म्हणजे इथे कर नसेल?
— फ्रीमाँटहून

ताई,
टिकून राहायचं ते बाजारात. एखाद्या फोलिओत, म्हणजे फंडातल्या एका खात्यात, नव्हे. अमेरिकी करकायद्याच्या लेखी भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे 'पीफिक' (PFIC, निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी). कर मोजण्याचा काहीच वेगळा पर्याय निवडला नाही, तर विकताना नफा जितके दिवस फंड बाळगला त्या दिवसांवर सारखा वाटतात. मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्याला त्या वर्षाचा सर्वांत वरचा दर लागतो (२०१८पासून ३७ टक्के), शिवाय उशिराचं व्याज. तुम्ही स्वतः २२ टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरीही. इथला इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) वर्षाहून जास्त ठेवून विकला तर बहुतेकांना १५ टक्केच पडतात. पीफिक मात्र जितका जास्त काळ धरून ठेवाल तितकं व्याज चढत जातं. धीराचं फळ इथे उलटं मिळतं, आणि हे आपल्या लोकांना फार उशिरा कळतं याचं वाईट वाटतं.

ग्रोथ ऑप्शनमुळे यातून सुटका नाही. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी: ५ फंड, ३ वर्षं, म्हणजे १८० खरेद्या. पीफिकची माहिती देण्याचा फॉर्म ८६२१ दर फंडाला वेगळा.

सगळ्यात सोपं म्हणजे इथले करनिवासी होण्याआधी विकणं. वर्षावर ठेवलेल्या इक्विटी फंडाला भारतात १२.५ टक्के कर आहे, तोही वर्षाच्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर. ते राहून गेलं असेल, तर पहिल्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये 'मार्क टू मार्केट' निवडा. त्या वर्षाच्या पहिल्या दिवसाचं बाजारमूल्य आणि मूळ किंमत, यांतलं जे जास्त ते तुमची खरेदी किंमत धरतात. पुढे दर वर्षअखेरीची वाढ नेहमीच्या उत्पन्नात जाते. घट मात्र आधी दाखवलेल्या वाढीपुरतीच वजा होते. पहिलं वर्ष हुकलं, तर ज्या वर्षी निवडाल त्या वर्षाच्या नफ्याला वरचाच जाचक हिशेब लागतो.
— एडिसनहून

दादा,
२५ हजार डॉलरच्या आत असेल तर ८६२१ लागत नाही असं ऐकलं. आणि तिकडच्या फंडांचा १२ टक्के परतावा सोडवत नाही हो!
— फ्रीमाँटहून

ताई,
ती मर्यादा सगळे पीफिक मिळून वर्षअखेरीची आहे. जोडप्याने एकत्र रिटर्न भरला तर ५० हजार. ज्या वर्षी विक्री नाही, लाभांश नाही, कुठला पर्यायही निवडलेला नाही, त्या वर्षी फक्त फॉर्म टळतो. विकाल तेव्हा कर लागणारच. एफबार (परदेशी खात्यांची माहिती देण्याचा फॉर्म) भरला म्हणून ८६२१ भरल्यासारखा होत नाही. आणि फॉर्म लागू असून राहिला, तर त्या रिटर्नची तपासणीची ३ वर्षांची मुदत सुरूच होत नाही.

१२ टक्क्यांचं म्हणाल, तर ते रुपयांत. २००८च्या सुरुवातीला डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता, २०२३च्या अखेरीला ८३ च्या. रुपया त्या काळात डॉलरपुढे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या हिशेबाने उतरला. तुमचे १२ टक्के डॉलरमध्ये ७ च्या जवळ येतात, तेही पीफिकचा कर जाण्याआधी. मुलांची फी आणि म्हातारपण डॉलरमध्ये असेल, तर आधी ४०१(के)ला (नोकरीतल्या निवृत्ती खात्याला) कंपनीचा मॅच, म्हणजे कंपनी घालते तो वाटा, पूर्ण घ्या, मग स्वस्त इंडेक्स फंड. फंडाच्या खर्चाकडे नीट बघा: १ लाख डॉलर ३० वर्षं ७ टक्क्यांनी वाढले तर ७.६ लाख होतात, ६ टक्क्यांनी ५.७ लाख. दरसालच्या एका टक्क्याने जवळपास दोन लाख जातात.

विकायचं ठरलं, तर आधी कॅम्स आणि केफिनटेकचं (भारतीय फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचं) एकत्रित स्टेटमेंट उतरवून घ्या. 'डिटेल्ड' मागा, 'समरी' नको. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि एनएव्ही (युनिटची त्या दिवशीची किंमत) डिटेल्डमध्येच असते, आणि ती हाताशी नसली की १८० खरेद्यांचा हिशेब बसत नाही.
— एडिसनहून