ब्लाइंड स्पॉट (नेहमीच्या आरशात न दिसणारा भाग) दाखवणारा आरसा कोणता घ्यावा आणि नेमका कुठे लावावा?

नमस्कार मंडळी. गाडी होंडा युनिकॉर्न बाईक. रोज नागपुरातल्या धंतोलीपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत.

मागच्या पंधरवड्यात वर्धा रोडचा डबल डेकर पूल उतरून डावीकडे घेत होतो. आरशात रस्ता रिकामा. इंडिकेटर देऊन वळलो आणि खालच्या रस्त्याने आलेली बोलेरो अगदी गुडघ्यापाशी! त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. मागे बायको होती. तेव्हापासून ती बसायला घाबरते, आणि खरं सांगतो, मीही तिला बसवायला घाबरतो.

वळण्याआधी मान वळवून बघावं हे कळतं. पण मणक्याच्या त्रासाने मान डावीकडे अर्धीच वळते, हेल्मेट घातलं की त्याहून कमी. म्हणून सगळी भिस्त आरशावर.

दोन इंची गोल, चिकटवायचा आरसा डाव्या आरशाच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावून पाहिला. मूळ आरशाचा कामाचा भागच झाकला गेला. गाड्या इतक्या बारीक दिसतात की ट्रक कोणता, ऑटो कोणता कळत नाही. त्यात आपलं मे महिन्याचं ऊन, टेप पघळून आरसा तिरपा झाला.

कमी फुगीर, चौकोनी घेऊ का? की हँडलच्या टोकाचा बार-एंड? सीताबर्डीच्या गर्दीत तो कुणाला अडकेल अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद:
दादा, बार-एंड नको. टोकाला वजनं असतील तर ती काढावी लागतात, मग हँडल थरथरतं. आधी मूळ आरसे बाहेर वळवा, कोपराची जेमतेम कड दिसेल इतके. कोपर दिसतं तो भाग नाहीतरी वायाच जातो. छोटा आरसा तिथे, आतल्या खालच्या कोपऱ्यात लावा. मात्र कलता होणारा घ्या. फुगीर आरशात गाडी असते त्याहून लांब वाटते, तेव्हा त्यात फक्त कुणी आहे का एवढंच बघा, अंतर मोठ्या आरशात. काच स्पिरिटने पुसा, सावलीत चिकटवा, 24 तास पाणी लागू देऊ नका.

धागाकर्ता:
भाऊ, मनापासून आभार. तसाच लावला. गाडी स्टँडवर उभी करून मी बसलो आणि बायकोला मागून डाव्या बाजूने चालत यायला सांगितलं. मागच्या फूटरेस्टजवळ ती मोठ्या आरशातून दिसेनाशी झाली, पण छोट्यात दिसत राहिली. आता एकच विचारतो: रात्री मागच्या हेडलाइटने छोटा आरसा नुसता चमकतो. यावर कुणी काय केलंय?