एकच एअर पिस्तूल ठेवायचं झालं तर कोणतं? माझं ठरलंय, तुमचं बोला

जुळेसोलापूरकर
घरात तीन पिस्तुलं आहेत, स्टायर एलपी १०, मोरिनी १६२ म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं (ही दोन्ही दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात), आणि जुनं रशियन इझ ४६एम. आता मॅच खेळणं जवळपास थांबलंय, पोराच्या फीचे दिवस आलेत, म्हणून ठरवलं एकच ठेवायचं. आणि मी इझ ठेवतोय. ओळखीतले सगळे म्हणतात वेडा झालास का.

माझं म्हणणं सरळ आहे. इझला सिलिंडर नाही, बॅटरी नाही, वेगळा पंप नाही. खालची लिव्हर पूर्ण पुढं ओढायची, एक सेकंद थांबायचं म्हणजे हवा नीट आत येते, मग दाबून बंद करायची, एका शॉटची हवा तयार. पेलेट म्हणजे छोटी गोळी घातली की झालं. प्रत्येक शॉटला तेवढीच हवा, त्यामुळं सिलिंडर संपत आला म्हणून शेवटी शेवटी पेलेट खाली पडायला लागले हा प्रकारच नाही. पहाटे पाचला गच्चीवरच्या खोलीत दहा मीटर मोजून बसवलेत, चाळीस शॉट मारतो नि कामाला जातो. अजून काय पाहिजे?

पार्कचौक_एपी
मालक, आदर ठेवून सांगतो, चुकताय. स्टायर विकू नका. टार्गेटवरची दहा गुणांची रिंग ११.५ मिमीची, म्हणजे आपल्या जुन्या शर्टाच्या बटणाएवढी, आणि ती दहा मीटरवर एका हातानं धरायची. एलपी १० मध्ये अॅब्सॉर्बर आहे, पेलेट सुटताना आतलं वजन उलट्या दिशेनं सरकतं नि पिस्तूल हातात जागच्या जागी राहतं. शॉट सुटल्यावर पुढची साइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, कुठं होती हे डोळ्याला दिसतं, आणि तेच तर शिकायचं असतं की. इझला साठ शॉट म्हणजे साठ वेळा लिव्हर. मॅचसारखे ७५ मिनिटांत साठ शॉट मारून बघा, दहा-दहा शॉटच्या पाचव्या सिरीजला मनगट बोलायला लागतं. त्याच हातानं साइट धरायची असते ना?

जुळेसोलापूरकर
लिव्हर डाव्या हातानं ओढतो मी, उजवा फक्त धरतो. पण मुद्दा मान्य, मॅचला स्टायरच भारी. मी मॅचचं बोलतच नाहीये, *ठेवायचं* बोलतोय.

सिलिंडरचं दुखणं सांगतो. एकदा मे महिन्यात होटगी रोडला काम होतं, बॅग गाडीत राहिली, दुपारची वेळ, आपलं ऊन तुम्हाला माहितीये. परत आलो तर धातूला हात लावता येईना. २५ डिग्रीला २०० बार दाबानं भरलेली हवा ६० डिग्रीला गेली की २२० च्या वर जाते, हा साधा हिशोब आहे, पण तो गाडीच्या दारात उभं राहून आठवला की पोटात गोळा येतो. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून सिलिंडर घेऊन फिरायची भीती बसली. नंतर एका स्पर्धेत इक्विपमेंट चेकिंगला सिलिंडरची तारीख बघितली, दहा वर्षांची मुदत होऊन गेलेली, बाजूला काढला. चूक माझीच होती, तारीख मी बघायला पाहिजे होती. सहा तास प्रवास करून गेलो आणि शॉट न मारता परत आलो.

सातरस्ता_९
इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाल्यांनी टोकियो ऑलिंपिक आठवावं. २०२१ ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, वेळ गेला, ५७५ वर बारावी आली नि फायनल थोडक्यात हुकली. जेवढे पार्ट जास्त तेवढं टेन्शन जास्त. इझला माझं मत.

पार्कचौक_एपी
आणि त्याच मनूनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ आणले ते पण सांगा की, एक एकटीनं, एक सरबजोत सिंगबरोबर जोडीनं. तिनं काय लिव्हरवालं घेतलं होतं का? बिघाड कशालाही होतो. इझचं हवा अडवणारं सील गेलं तर सोलापुरात कोण बसवून देणार?

जुळेसोलापूरकर
मी. दोनदा बसवलंय.

जुनानेमबाज_नवीपेठ
तुम्ही दोघं भांडा, मी फाइनवेर्कबाऊ ६५ वर ठाम आहे. स्प्रिंगवालं, बाजूला लिव्हर, वरचा भाग रुळावर मागं सरकतो आणि धक्का तिथंच जिरतो. वजनाला जड आहे हे खरं, पण तसा ट्रिगर मी दुसऱ्या कशाला बघितला नाही.

लेकीची_आई
मधेच विचारते. माझी मुलगी चौदाची, गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडता फोडता नाद लागला, आता मनापासून शिकतीये. कोचच्या पिस्तुलावर आठवड्यातून दोन दिवस मिळतात. तुमची चर्चा वाचून अजूनच गोंधळ झाला, तिच्यासाठी कोणतं बघू?

पार्कचौक_एपी
ताई, आधी ग्रिप म्हणजे मूठ बघा, पिस्तूल नंतर. मोठ्या माणसाची ग्रिप लहान हातात फिरते, मग प्रत्येक शॉटला साइट वेगळीकडं. लाकडी ग्रिपला कानस मारून, जिथं पोकळी राहते तिथं वूड पुट्टी भरून हाताला बसवता येते. तळहाताखालची पट्टी वर घ्या, पण मनगट मोकळं पाहिजे. आणि रोज वीस मिनिटं पेलेट न घालता कोऱ्या भिंतीकडं धरून ड्राय प्रॅक्टिस, ती मॅचच्या बहुतेक पिस्तुलांवर होते.

जुळेसोलापूरकर
ताई, स्टायर अजून विकलेलं नाही. बाहेरच्या एकानं मागितलंय पण मी त्याला थांबवतो. सिलिंडर नवीन घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा. रविवारी सकाळी मुलीला घेऊन या, कोचना पण विचारून या, आधी तिचा हात बघू, ग्रिप मोठी वाटली तर कानस माझ्याकडं आहे. पैशाचं नंतर बोलू, हप्त्यानं दिले तरी चालतील.

पार्कचौक_एपी
हे बेस्ट केलंत मालक, रविवारी मी पण येतो पुट्टी घेऊन. पण ठेवायचं स्टायरच होतं, यावर मी अजून ठाम आहे.