मदत हवी: हवेचा मीटर रात्री १८० दाखवतो, आईचा खोकला थांबेना

मानेवाडा_मीच
मंडळी जरा लवकर उत्तर द्या, तीन आठवडे झाले झोप नाही. आईला (वय ६८) रात्री अकरानंतर कोरडा खोकला सुरू होतो तो पार पहाटेपर्यंत, दिवसा एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी सिरप दिलं, फरक शून्य. शेवटी ऑनलाइन हवेचा मीटर मागवला, तर दिवसा ४०-५० आणि रात्री १८० च्या वर. बाहेरून धूर येतो म्हणावं तर खिडक्या बंद, फटींना पट्ट्यासुद्धा चिकटवल्या थंडीमुळे. एअर प्युरिफायर घ्यायचाय, बजेट १० हजार, कोणता घेऊ?

संत्रानगरी
१८० काय, मायक्रोग्रॅम की एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक)? दोन्ही वेगळं असतं भाऊ. पीएम २.५ म्हणजे बारीक कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम झाले की आपल्याकडं एक्यूआय १०० धरतात. खोली केवढी, घरात कोणी सिगारेट ओढतं का, मीटर कुठं ठेवला?

मानेवाडा_मीच
मायक्रोग्रॅमच लिहिलंय. आईच्या खोलीत, उशाजवळच्या स्टुलावर. सिगारेट कोणी ओढत नाही. बाकी नॉर्मल टू बीएचके, सगळ्यांसारखंच. प्युरिफायरचं सांगा ना.

खापरखेड्याचा_भाचा
प्युरिफायर घेऊन काय करतं बापा, बाहीरचीच हवा खराब आहे. कोराडी अन् खापरखेडा, दोन दोन औष्णिक केंद्रं उशाले घेऊन झोपून राहिलो आपण. आमच्या गच्चीवर सकाळी हात फिरवला तर काळा होते.

संत्रानगरी
कोराडी नागपूरच्या उत्तरेला, तुमचा मानेवाडा दक्षिणेला. बारीक कण लांबवर जातात हे खरं, पण मग आकडा दिवसाही चढला असता ना. रात्रीच काहून चढतो?

खापरखेड्याचा_भाचा
थंडीत रात्री हवा खालीच दबून राहते म्हणून. शाळेत शिकलो होतो आम्ही.

तुळशीवृंदावन
दादा मशीनवर पैसे घालवू नका. स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा बेडरूममध्ये. नासानेच सांगितलंय.

बाष्पीभवन
ताई, नासाचा तो अभ्यास १९८९ चा, हवाबंद पेटीत केलेला. खऱ्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील, म्हणजे आईला झोपायला जागा उरणार नाही.

तुळशीवृंदावन
आमच्याकडं फरक पडला. तुम्हाला नाही पटत तर नका लावू.

गीझरवाला
गॅस गीझर आहे का बाथरूममध्ये? असेल तर आजच बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस बसल्या जागी जातो. माझ्या ओळखीत झालंय म्हणून सांगतो.

मानेवाडा_मीच
इलेक्ट्रिक आहे हो. आणि मी खोकल्याचं विचारतोय, तुम्ही कुठं चाललात. नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) तर आपल्याच गावात आहे, तिथून कोणी घरी येऊन हवा तपासून देतं का?

बाष्पीभवन
तुमच्या बेडरूमसाठी नीरी कशाला लागते, मीटर आहे ना हातात. आठ ते बारा दर अर्ध्या तासाला आकडा लिहा आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं तेही लिहा. फोडणी, धूप, झाडू, सगळं.

मानेवाडा_मीच
घ्या, कालचा. ८ वाजता स्वयंपाक, वांग्याची भाजी, ७०. साडेआठला जेवणं, ६०. नऊला आई देवापुढे धूप लावते (देवघर तिच्याच खोलीत आहे), ११०. साडेनऊला डासांची कॉइल लावून दार लोटून झोपते, दहाला १६५, अकराला १९०. यात लिहिण्यासारखं काय आहे, हे तर घरोघरी चालतं.

संत्रानगरी
कॉइल??? आत्ता सांगून राहिले तुम्ही?? ठेवता कुठं?

मानेवाडा_मीच
पलंगाखाली, स्टीलच्या ताटलीत. मागे नाला आहे, डास किती असतात तुम्हाला काय माहीत. सकाळी ताटलीत राखेचं पूर्ण वेटोळं तसंच पडलेलं असतं, म्हणजे रात्रभर जळते.

बाष्पीभवन
२००३ चा एक अभ्यास आहे, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. घरात कोणी सिगारेट ओढत नाही म्हणता आणि आईच्या पलंगाखाली अख्खी टपरी पेटवून दार लावता, वर फटींना पट्ट्या. चोवीस तासांची सरासरी आपल्याकडं ६० पर्यंत चालते, डब्ल्यूएचओ तर १५ म्हणते. प्युरिफायर नंतर बघा, आधी ती ताटली बाहेर काढा.

खापरखेड्याचा_भाचा
लिक्विडवालं मशीन लावा मंग. त्यात धूर नाही.

संत्रानगरी
धूर नाही पण औषध तर हवेत जातेच ना. मच्छरदाणी घ्या साधी. धूप दार-खिडकी उघडून, नाहीतर देवघरच हॉलमध्ये हलवा. आणि तीन आठवड्यांचा खोकला सिरपवर काढू नका, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) छातीच्या ओपीडीत दाखवा, पीएफटी म्हणजे फुफ्फुसांची तपासणी करून घेतील. रात्रीचा खोकला दम्याचाही असू शकतो, धूर फक्त निमित्त.

मानेवाडा_मीच
चार दिवसांनी सांगतो.

मानेवाडा_मीच
कॉइल बंद, मच्छरदाणी लावली, पट्ट्या काढल्या. रात्री अकराला ६५. खोकला अर्ध्यावर आलाय, गेला नाही, सोमवारी दाखवायला नेतोय. धूपावरून घरात भांडण झालं, आई म्हणते देवाला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवू का. पण आता पहाटे साडेपाचला १४० होतो! खिडकीतून पाहिलं तर खाली चौकीदाराची शेकोटी, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून राहिला होता.

खापरखेड्याचा_भाचा
म्हटलं होतं ना, बाहीरची हवा.

तुळशीवृंदावन
डबलबेडची मच्छरदाणी बर्डीच्या बाजारात घेतली का? केवढ्याला पडली?

गीझरवाला
ज्यांच्याकडं गॅस गीझर आहे त्यांनी वरचं माझं परत एकदा वाचा.