रोपांच्या लाकडी ट्रेविषयी

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. गच्चीवरील वाफ्यांसाठी वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपे यंदा घरीच करायची असे ठरले असल्याने, त्यासाठीचे ट्रे रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ठोकावेत असे सुचवतो. पंपरूममागे पडून असलेल्या तीन पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या पुरतील. गेल्या वर्षी मी केलेला ट्रे चार फूट लांब होता. तो भिजल्यावर दोघांनाही उचलेना आणि सावलीत नेताना त्याचा तळच सुटला. म्हणून या वेळी माप ६० बाय ४० सेंटिमीटर आणि खोली ७ सेंटिमीटर ठेवावी.

ए-१०१ : पॅलेटवरचा शिक्का आधी पाहावा. ‘एचटी’ असेल तर लाकूड केवळ तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, आणि ते भाजीच्या रोपांजवळ नको.

बी-३०४ : आत्ताच पाहून आलो. दोन एचटी आहेत, तिसरा एमबी. तो बाजूला ठेवतो. काका, आठवण केलीत ते बरे झाले.

सी-२०२ : दादा, तळाला अखंड फळी न लावता पट्ट्या ठोकाव्यात, दोन पट्ट्यांमध्ये अर्धा सेंटिमीटर फट सोडावी आणि वर वर्तमानपत्राचा एकच कागद अंथरावा, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखताचे मिश्रण गळत नाही, पण पाणी निघून जाते. माझ्या प्लास्टिकच्या टबात पाणी साचून मिरचीची रोपे जमिनीलगत काळी पडली आणि दोन दिवसांत सगळी आडवी झाली. ट्रे विटांवर ठेवल्यास खालूनही हवा लागेल.

ए-४०३ : लाकूड कुजू नये म्हणून गाडीचे जुने काळे ऑइल लावले तर चालेल का? आमच्याकडे डबाभर आहे.

सी-२०२ : कृपया लावू नका, काकू. ते मातीत उतरते. लाकूड कोरेच राहू द्यावे. दोन-तीन हंगामांनी फळी बदलावी लागली तरी हरकत नाही.

ए-१०१ : पॅलेटचे लाकूड बहुधा पाइनचे असते आणि टोकाशी खिळा मारला की चिरते, त्यामुळे आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू बसवावा. ड्रिल मी आणतो. मात्र त्याचे ३ मिलिमीटरचे बिट दिवाळीत तोरणासाठी ज्यांनी नेले होते, त्यांनी ते शनिवारपर्यंत वॉचमनकडे ठेवावे.