फुफ्फुस कापून धाप कशी कमी होणार? – कालच्या पोस्टला उत्तर

शहापूरकर:
काल इथं एम्फिसीमाबद्दल, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होऊन धाप लागते त्या रोगाबद्दल, एकानं लिहिलं, "एम्फिसीमात फुफ्फुस आधीच संपलेलं असतं, त्यातलं आणखी कापायचं म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय. एम्फिसीमात फुफ्फुस आटत नाही, फुगतं. हवा बाहेर पडत नाही, अडकून राहते, छातीखालचा पडदा सपाट होतो आणि नवा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. सगळ्यात खराब भाग काढला की बऱ्या भागाला पसरायला जागा मिळते. अमेरिकेत 1218 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2003 मध्ये निकाल आले. रोग मुख्यतः वरच्या भागात आणि चालायची ताकद कमी, अशांचं आयुष्य ऑपरेशननं वाढलं. यात धंदा कुठं दिसला?

जांबोटीचा:
अर्धंच सांगालाय. त्याच चाचणीत 90 दिवसांत ऑपरेशनवाले 7.9 टक्के गेले, औषधांवरचे 1.3 टक्के. अति खराब फुफ्फुसवाल्यांना तर मध्येच बाहेर काढावं लागलं, इतके दगावत होते. माझ्या मामांना एका दवाखान्यात "लगेच करून टाकू" म्हणाले. रोग दोन्ही फुफ्फुसांत वरपासून खालपर्यंत सारखा पसरलाय, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी बघून सांगितलं. तोवर आम्ही शेत विकायला काढलं होतं!

शहापूरकर:
आकडे बरोबर आहेत. पण मामांची निवड चुकत होती, उपचार नाही. आता दुर्बिणीतून खराब भागाकडं जाणाऱ्या श्वासनळीत झडपही बसवतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही, तो भाग आकसतो. 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. शेजारच्या भागातून हवा आत शिरत असेल तर उपयोग नाही, ते आधी तपासतात.

टिळकवाडीची सून:
आणि झडपेनंतर फुफ्फुसाबाहेर हवा साठते, त्याचं काय? झडपेच्या 2018 मधल्या चाचणीत साधारण चारात एकाला झालं. असं झाल्यावर खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून माणूस किती वेळात पोचणार?

निपाणीकर:
सगळे झडपेवर भांडालाय, बिडीवर कोण बोलणार? आमच्याकडं तंबाखू पिकते, बायका घरोघरी बिड्या वळतात, गडी ओढतात.

चिकोडीवाला:
झालं, आला शेतकऱ्यावर! 1981 ला तंबाखूच्या भावासाठी निपाणीत आमच्या माणसांनी गोळ्या खाल्ल्या. दुसरं पीक त्या भावात घ्यायला कोण येतंय?

निपाणीकर:
दादा, त्या आंदोलनात माझे वडीलही रस्त्यावर होते. शेतकऱ्याला दोष देत नाही. पण तेच वडील शेवटी उशीला टेकून बसल्याबसल्या रात्र काढायचे. भाव मागायचा आणि धुराबद्दल गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

चिकोडीवाला:
आमच्या आजीनं बिडीला हात लावला नाही, तरी जन्मभर खोकली. चुलीचा धूर तुमच्या हिशेबात नाही काय?

निपाणीकर:
आहे. चूलही धरा. पण म्हणून बिडी दोषातून सुटत नाही, एवढंच म्हणतोय.

शहापूरकर:
बिडी पूर्ण बंद झाल्याशिवाय झडप बसवतच नाहीत, त्यामुळं निपाणीकरांचा मुद्दा बाहेरचा नाही.

जांबोटीचा:
ठीक, धंदा हा शब्द सगळ्यांना लावणार नाही. पण सीटी, अडकलेल्या हवेचं माप, सहा मिनिटं चालायची चाचणी आणि काही आठवडे श्वासाचे व्यायाम झाल्याशिवाय जो डॉक्टर तारीख देतो, त्याला मी धंदाच म्हणणार.