मदत हवी आहे : आठ प्रकारच्या फायली, एक प्लेअर आणि ऐकणारे अण्णा

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं एकदाच सांगते.

माझे वडील, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. छंद एकच, गाणं ऐकायचं आणि जपून ठेवायचं. वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. शास्त्रीय गायक बापूराव पलुस्कर म्हणजे त्यांचं दैवत. बापूराव १९५५ साली गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यामुळे त्यांचं ध्वनिमुद्रण मुळात मोजकं. त्यातलं मिळेल ते अण्णांनी जमवलं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग विनॅम्प या जुन्या प्लेअरच्या जमान्यात नेटवरून उतरवलेलं. २०१६ च्या पुरात आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं आणि कॅसेटींचा खालचा खण चिखलात गेला. जे वाचलं ते मी एका हार्ड डिस्कवर गोळा केलं आहे. साडेचार हजारांच्या आसपास फायली आहेत.

अण्णांना आता काचबिंदू आहे. मोठं अक्षर जवळून दिसतं, माउसचा बाण दिसत नाही. एक बटण दाबलं की गाणं लागावं आणि दुसरं दाबलं की पुढचं यावं, एवढीच त्यांची मागणी. पण घोडं अडलंय ते फायलींच्या प्रकारांवर.

एमपीथ्री, एमफोरए आणि फ्लॅक बिनतक्रार वाजतात. डब्ल्यूएमए बऱ्याचशा वाजतात, तीस-चाळीस मात्र अडून बसतात. आरएम एकही वाजत नाही. एपीई नावाच्या दोन-तीनशे एमबीच्या अगडबंब फायली आहेत, प्रत्येकीशेजारी एक चिमुकली क्यू फाइल. मी या एपीई फायलींना मराठी नावं दिली, तेव्हापासून क्यू उघडली की "फाइल सापडत नाही" येतं. शिवाय एका दुकानात बारा सीडी डिस्कवर कॉपी करायला दिल्या होत्या, त्या फोल्डरमध्ये सगळ्या सीडीए फायली आहेत. त्यांतलीही एकही वाजत नाही.

आणि शेवटी एएमआर. आई पंचवटीतल्या भजनी मंडळात होती. तिच्या जुन्या मोबाइलवर मंडळातल्या कोणीतरी अधूनमधून रेकॉर्डिंग करून ठेवलेलं, त्या ६३ फायली आहेत. नावं नुसती "व्हॉइस ००१", "व्हॉइस ००२" अशी. आईला जाऊन चार वर्षं झाली. अण्णांना आधी या ऐकायच्या आहेत, बाकी सगळं मागाहून झालं तरी चालेल.

कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज १० आणि ४ जीबी रॅम. "सगळे फॉरमॅट चालतात" असं लिहिलेला एक कोडेक पॅक (निरनिराळ्या फायली वाजवायला लागणाऱ्या जोडांचा गठ्ठा) उतरवला होता, त्याच्याबरोबर इतक्या जाहिराती आल्या की सगळं साफ करण्यात एक रविवार गेला. म्हणून आता विचारल्याशिवाय काही टाकत नाही. कोणता प्लेअर घेऊ?

तंबोरा :

ताई, वाईट बातमी आधी सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. त्या सीडीए फायलींत गाणं नाहीये. एका फायलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, आकार ४४ बाइट दिसेल. ऑडिओ सीडीवर आपल्यासारख्या फायली नसतातच. विंडोज प्रत्येक गाण्यामागे एक चिठ्ठी दाखवतं : अमुक क्रमांकाचं गाणं, इथून सुरू, इतकं लांब. दुकानदाराने चिठ्ठ्या कॉपी केल्या आणि गाणी सीडीवरच राहिली. हे फार घरांत झालंय. सीडी आहेत का अजून? असतील तर टाकू नका, त्या रिप कराव्या लागतील, म्हणजे सीडीवरचं गाणं वाचून त्याची फाइल करावी लागेल.

गोदाकाठ :

४४ बाइटच आहे. सगळ्यांचं ४४. हे वाचून पोटात गोळा आला, कारण "आता डिस्कवर आलंय" म्हणून मीच त्या सीडी घराबाहेर काढायला निघाले होते. माळ्यावर शोधते.

सातपूरकर :

सीडी सापडेपर्यंत प्लेअरचं बोलूया. दोन गोष्टी टाका : रोजच्या वापराला फूबार२००० आणि अडलं-नडलं तर व्हीएलसी. दोन्ही फुकट आहेत. फक्त त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. नेटवर शोधलं की वरती येणारी मोठी हिरवी डाउनलोडची बटणं भलतीकडेच नेतात, तुमचा कोडेक पॅक बहुतेक तसाच आलेला.

फूबार २००२ पासून आहे आणि त्याचा कर्ता आधी विनॅम्पसाठी काम करत असे. दिसायला अगदी साधा, पण ४ जीबीच्या मशीनला हलका पडतो आणि हजारो फायलींची यादी चटकन उघडतो. एमपीथ्री, फ्लॅक, एमफोरए, डब्ल्यूएमए हे सगळं तो वाजवतोच. उरलेल्या प्रकारांसाठी त्याला छोटे जोड मिळतात, त्यांना कॉम्पोनंट म्हणतात. एपीईचा एक घ्या आणि एएमआरचा एक. प्रेफरन्सेसमध्ये कॉम्पोनंट्सच्या पानावर इन्स्टॉल करून प्लेअर पुन्हा सुरू करायचा, झालं. आरएम मात्र व्हीएलसीतच लावून बघा. ते जुने रिअलऑडिओचे प्रकार त्याला बऱ्यापैकी समजतात.

क्यूचं दुखणं किरकोळ आहे. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या ओळींत अवतरणचिन्हांत एपीईचं जुनं नाव दिसेल, कारण संपूर्ण सीडीची एकच लांब एपीई करून कुठलं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं ते क्यूमध्ये लिहिलेलं असतं. तुम्ही एपीईचं नाव बदललंत, पण ते क्यूला कोण सांगणार? नवीन नाव तिथे जसंच्या तसं टाका, शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांसकट. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतील. मग फूबारमध्ये एपीई न टाकता क्यू टाका, गाणी सुटी दिसतील.

अडलेल्या डब्ल्यूएमएचा मात्र मला भरवसा वाटत नाही. पूर्वी सीडी कॉपी करताना "कॉपी प्रोटेक्ट" अशी एक खूण असायची. ती राहिली असेल तर फाइल कुलूपबंद होते आणि किल्ली त्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलेली असते. प्लेअर बदलून ते कुलूप उघडत नाही. मूळ सीडीवरून पुन्हा घेणं हाच रस्ता.

तंबोरा :

एएमआरबद्दल थोडं लिहितो, कारण ताईंना तेच आधी हवंय.

एएमआर हा फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला प्रकार आहे. सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतो, आणि नमुन्यांच्या निम्म्या आकड्यापर्यंतचेच सूर नोंदले जातात, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच त्यात उतरत नाही. माणसाचा आवाज ओळखू येतो, शब्द कळतात, पण टाळांची आणि चिपळ्यांची जी वरची किणकिण असते ती पत्र्यावर खडे टाकल्यासारखी येते. फाइल मात्र इतकी लहान की तासाभराचं भजन सहा एमबीच्या आत बसतं. त्या काळच्या फोनमध्ये जागाच तेवढी होती. तेव्हा आवाज "सुधारून" देतो म्हणणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. जे नोंदलंच गेलं नाही ते परत येत नाही, उलट आईंचा आवाज घशात अडकल्यासारखा होईल.

पण एक काम जरूर करा. मूळ ६३ फायली जशाच्या तशा दुसऱ्या एखाद्या डिस्कवर ठेवा, त्यांना हातही लावू नका. मग फूबारमधून त्यांच्या फ्लॅक प्रती काढा : सगळ्या निवडून राइट क्लिक, कन्व्हर्ट. फ्लॅकसाठी फूबारचाच एन्कोडर पॅक (फ्लॅक फाइल बनवून देणारा जोड) वेगळा उतरवावा लागतो. एमपीथ्री करू नका, त्यात आधीच कमी असलेलं आणखी थोडं गळतं. फ्लॅकमध्ये आहे तेवढं सगळं राहतं. आता कोणी म्हणेल की गुणवत्ता वाढणार नाही तर फ्लॅक कशाला? तर एएमआरमध्ये नाव, गाणं, तारीख लिहायला जागाच नसते. फ्लॅकमध्ये हवं ते लिहिता येतं, तेही देवनागरीत. "व्हॉइस ०१८" म्हणजे काय हे दहा वर्षांनी कोणाला कळणार?

कडीपत्ता :

मी तंत्रातली नाही, पण माझ्या सासूबाईंची नजर गेल्यावर आम्ही जे केलं ते सांगते. कीबोर्डवर हव्या त्या तीनच बटणांवर फुगीर खड्यांच्या टिकल्या चिकटवल्या. बोट फिरवलं की कळतं. चालू-बंद, पुढचं आणि मागचं. रोजच्या वापराने टिकली निघते, म्हणून खाली फेव्हिक्विकचा एक थेंब. बाकीच्या बटणांवर काही नको, नाहीतर गोंधळ होतो.

सातपूरकर :

वा, हे फार छान. फूबारमध्ये प्रेफरन्सेस, कीबोर्ड शॉर्टकट्स इथे कुठलंही बटण कशालाही जोडता येतं. "ग्लोबल"ची खूण केली तर खिडकी मागे गेली तरी बटण चालतं, अण्णांना ती शोधत बसावं लागणार नाही. पण एक लक्षात घ्या, ग्लोबल केलेलं बटण मग टायपिंगला चालत नाही, म्हणून एफ-९, एफ-१० अशी वरच्या रांगेतली बटणं द्या. यादीचा फाँटही मोठा करता येतो, मी २८ वर ठेवला आहे. आणि एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा मोफत प्रोग्रॅम टाकलात तर तो मराठीतूनही बोलतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण गाण्याचं नाव कळतं.

राहता राहिला आवाजाचा चढउतार. एका फायलीत कुजबुज आणि पुढचीत दणका, असं तुमच्याकडे नक्की होणार. सगळं निवडून रिप्लेगेनचं स्कॅन चालवा. ते प्रत्येक फाइल किती मोठ्याने वाजते ते मोजून नोंद ठेवतं आणि वाजवताना पातळी सारखी करतं. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. साडेचार हजार फायलींना वेळ लागेल, रात्री लावून झोपा.

गोदाकाठ :

तीन दिवसांनी लिहितेय, राग मानू नका.

माळ्यावर बारापैकी नऊ सीडी सापडल्या. जुन्या डीव्हीडी ड्राइव्हवर फूबारनेच रिप केल्या. दोन सीडींवर बुरशीसारखे डाग होते, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्यावर एक पूर्ण निघाली, दुसरीची शेवटची दोन गाणी अडतात. क्यू सगळ्या दुरुस्त झाल्या, चूक तुम्ही सांगितली तीच होती. आरएममधल्या निम्म्याहून जास्त व्हीएलसीत वाजल्या. ज्या वाजल्या नाहीत त्यांतल्या काहींचा आकार बघितला तर दोन-तीन केबीच आहे, म्हणजे बहुधा उतरवतानाच अर्धवट राहिल्यात. कुलूपबंद डब्ल्यूएमए सोडून दिल्या, त्यांतली बरीच गाणी त्या नऊ सीडींत आहेतच.

टिकल्या लावल्या. आईच्याच डब्यातल्या होत्या.

काल संध्याकाळी अण्णांना एएमआरच्या फ्लॅक प्रती लावून दिल्या. मला वाटलं होतं ते गप्प बसून ऐकतील, पण ते दर फायलीला बोलत होते. "हे आपल्या घरचं नाही, हे मेरीच्या कॉलनीतलं, तिथल्या हॉलमध्ये असा घुमतो आवाज." (मेरी म्हणजे नाशिकमधली अभियांत्रिकी संशोधन संस्था.) "ही पेटी वाजवणारी बाई भाताच्या कुकरची शिट्टी झाली की उठायची, ऐक, पेटी थांबली." खरंच थांबली होती! आई कुठल्या ओळीला मागे राहते आणि मग पुढच्या टाळीला कशी गाठते, तेही त्यांनी मला दाखवलं. मी वहीत लिहून घेतलं, अठरा फायली झाल्या. रोज थोड्या करणार आहोत.

आता शेवटची शंका. गाण्याचं नाव, गायक यांना टॅगमध्ये, म्हणजे फायलीतच लिहिल्या जाणाऱ्या माहितीत, जागा आहे. पण "मेरीची कॉलनी", "कोणाच्या घरी", "पेटीवर कोण" हे कुठे लिहू? शोधल्यावर सापडायला हवं.

तंबोरा :

फूबारमध्ये फायली निवडून प्रॉपर्टीज उघडा, तिथे नवीन रकाना जोडायची सोय आहे. "ठिकाण" असं देवनागरीत नाव दिलं तरी फ्लॅक ते घेतं, पण पुढे दुसऱ्या प्लेअरमध्ये अडचण नको म्हणून रकान्याचं नाव इंग्रजीत आणि आतला मजकूर मराठीत ठेवा. एका रकान्यात ठिकाण, दुसऱ्यात साथीला कोण. "मेरी" असं शोधलंत की तिथली सगळी भजनं एकत्र येतील. आणि अण्णा बोलत असतात ते वहीत लिहिता तसंच मोबाइलवर रेकॉर्डही करत जा. फक्त आधी सेटिंगमध्ये बघा, नमुन्यांचा आकडा ४४१०० किंवा ४८००० असू दे.

गोदाकाठ :

बघितलं. ४८००० केलं. आज "व्हॉइस ०१९" पासून.