घरच्या ऑटोमेशन कंटेनरमधलं पायथन ३.९ वरून कुठे न्यावं? सल्ला हवा

दिवेलागण
घरातले दिवे, पाण्याचा पंप आणि अ‍ॅम्प्लिफायर चालवणाऱ्या माझ्या स्क्रिप्ट एकाच डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं बांधून ठेवणाऱ्या बंद डब्यात) आहेत. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, उपकरणांचे निरोप पोचवणारा एमक्यूटीटी ब्रोकर घरातलाच. कंटेनर जिच्यावरून सुरू होतो ती इमेज चार वर्षांपूर्वी बांधली, त्यात पायथन ३.९. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.९ चा सपोर्ट संपला, म्हणजे आता सुरक्षेची भोकं कोणी बुजवणार नाही. हे मला स्वस्थ बसू देत नाही.

परवा डॉकरफाइलमधली (इमेज बांधायच्या कृतीमधली) पहिली ओळ बदलून थेट ३.१३-स्लिम केली आणि बिल्ड चालवला. लायब्ररी बसवणाऱ्या पिपनेच मान टाकली: ‘कान्ट स्टार्ट न्यू थ्रेड’, म्हणजे नवा थ्रेड (समांतर चालणारं काम) सुरू करता येत नाही. मेमरी भरपूर मोकळी होती. घाईने जुन्या इमेजवर परत आलो, कारण पंपाचा रिले (चालू-बंद करणारा स्विच) यावरच आहे आणि तो वेळेत बंद झाला नाही तर टाकी वाहते.

३.११ वर थांबावं, ३.१३ वर जावं की थेट ३.१४? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

ओसरी
तो एरर पायथनचा नाही. होस्टवरच्या, म्हणजे पायवरच्या, डॉकरची आवृत्ती बघा. २०.१०.१० पेक्षा जुनी असेल तर हेच कारण. नव्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) इमेजमधलं जीलिबसी, म्हणजे मूळ सी लायब्ररी, थ्रेड सुरू करायला क्लोन३ हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) वापरतं, आणि जुन्या डॉकरचं सेककॉम्प प्रोफाइल (कोणते कॉल चालतील ते ठरवणारे नियम) तो अडवतं. सेककॉम्प बंद करून काम भागवा असा सल्ला सापडेल. तो मानू नका, डॉकरच अपडेट करा.

दिवेलागण
२०.१०.७ निघाली! दोन रात्री मी मेमरीच्या मागे होतो. मनापासून आभार.

तारजोड
ओसरींशी सहमत. पण डॉकर सुधारल्यावर लगेच बिल्ड मारू नका. आधी चालू कंटेनरमध्ये पिप फ्रीझ चालवून लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी जपून ठेवा. तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लायब्ररींपुढे आकडे नसतील, तर नवा बिल्ड पायथनसोबत सगळ्याच लायब्ररी बदलून टाकेल आणि मोडलं कशाने ते कळणार नाही.

ब्रोकरशी बोलणाऱ्या पाहो-एमक्यूटीटी लायब्ररीचंच बघा. २.० मध्ये क्लायंट तयार करताना कॉलबॅक एपीआयची आवृत्ती द्यायचा नियम आला, जुना कोड ती देत नसल्याने स्क्रिप्ट तिथेच पडू शकते. लोक पायथनला दोष देतात, त्याचा काहीही संबंध नसतो. तूर्त १.६.१ वर अडकवून ठेवा, ते काम नंतर वेगळं करा.

इमेजचा टॅगही (आवृत्तीचं नाव) पूर्ण लिहा, ३.१३-स्लिम-बुकवर्म असा; बुकवर्म ही डेबियनची आवृत्ती. नुसतं ३.१३-स्लिम लिहिलं की खालचं डेबियन तुमच्या नकळत बदलतं. आणि जुन्या इमेजला वेगळा टॅग देऊन ठेवा, म्हणजे मागे फिरणं एका मिनिटाचं काम राहील.

निळीशाई
मुक्काम ३.१३, पण वाटेत ३.११ वर एक आठवडा थांबाच. कारण सांगते. डिस्टयूटिल्स, इम्प आणि असिंककोर हे पायथनसोबतच येणारे मॉड्यूल ३.१२ मध्ये काढून टाकले, टेलनेटलिब ३.१३ मध्ये. ३.११ मध्ये हे चारही जिवंत आहेत, पण वापरले की इशारा देतात. पायथनवॉर्निंग्ज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘डीफॉल्ट’ ठेवा आणि लॉग वाचा. तुमच्या कोडमध्येच नाही, लायब्ररींच्या पोटात काय दडलंय तेही दिसेल.

अ‍ॅम्प्लिफायरशी टेलनेटलिबने बोलत असाल तर ते आत्ताच बदला. पोर्ट २३ वर साधा मजकूर पाठवायला त्याची गरजच नाही. पायथनमधल्याच असिंकआयओचं ओपन_कनेक्शन पुरतं. फक्त उत्तर वाचताना वेटफॉरने मुदत घाला, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर गप्प बसला की स्क्रिप्टही तिथेच अडकेल.

असिंकआयओच्या क्यू किंवा लॉकला ‘लूप’ हा आर्ग्युमेंट देत असाल तर तो ३.१० पासून चालत नाही. चार वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये हे हमखास असतं.

३.१४ आत्ता नको. तुमच्या सगळ्या लायब्ररींची तयार व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) आली की बघा. ३.१३ ला ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

कडीकोयंडा
थांबा कशाला, थेट ३.१३ वर जा. मी तसंच केलं, काही झालं नाही.

निळीशाई
नुसते दिवे असते तर मीही तेच म्हटलं असतं. इथे पंप आहे.

ओसरी
एक राहिलं. ओएस ३२ बिट आहे का? युनेम-एम या कमांडच्या उत्तरावर जाऊ नका, कर्नल ६४ बिट आणि बाकी सगळं ३२ बिट असू शकतं. डीपीकेजीला (पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला) आर्किटेक्चर विचारा. आर्मएचएफ (म्हणजे ३२ बिट) आलं तर काही लायब्ररी पायवरच कंपाइल व्हायला बसू शकतात.

दिवेलागण
आर्म६४ आहे, सुटलो.

दहा दिवसांनी कळवतोय. ३.११ वर लॉगमध्ये टेलनेटलिब सापडलं, शिवाय एका सेन्सर लायब्ररीत डिस्टयूटिल्स. टेलनेट काढलं, लायब्ररी बदलली. ‘लूप’ दोन ठिकाणी होता.

३.१३ वर गेल्यावर एक नवीन गोष्ट आली. ब्रोकरसाठी मी स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र नाकारलं गेलं: ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’. ३.१३ पासून सुरक्षित जोडणीसाठीचं पायथनचं क्रिएट_डीफॉल्ट_कॉन्टेक्स्ट हे फंक्शन प्रमाणपत्रं काटेकोरपणे तपासतं. तपासणी ढिली करता आली असती, पण मी ते एक्स्टेन्शन घालून प्रमाणपत्र नव्याने काढलं.

पंपाचा रिले सगळ्यात शेवटी जोडला, तोही दिवसा, टाकीजवळ उभं राहून. तीन दिवस झाले, व्यवस्थित चालू आहे. जुनी इमेज अजून ठेवली आहे.